दोन पाटल्यांची पेटी

६ सप्टेंबर, शनिवार. अनंत चतुर्दशी

बाप्पा बादलीत विसर्जन. शाडू विरघळेपर्यंत दुपार झाली. पाणी खाली ओबरमायर बाईंच्या गुलाबांना घातलं. जर्मन घरमालकीण असून दर वर्षी न चुकता वर आरतीला येतात. दोन मोदक खाल्ले, तिसरा रुमालात बांधून नेला.

हे आरतीला उभे राहिले ते नखांत ग्रीस घेऊन. म्हटलं, अहो, देवासमोर तरी. तर म्हणतात, "देवाला माहीत आहे मी कुठे होतो ते." कुठे म्हणजे खाली गॅरेजात. जुलैपासून प्रत्येक शनिवार बाईंच्या अमेरिकन गाडीखाली. ६९ सालची, निळी, नुसतं बॉनेटच आमच्या स्वयंपाकघराएवढं. बाईंचे यजमान आलोइस सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांचा गुडघा दुखायला लागला तेव्हाच त्यांनी हातगिअरची पेटी काढून ऑटोमॅटिक बसवली होती. तेव्हापासून बाईंनी गाडी चालवलीच नाही. "ऑटोमॅटिकमध्ये मी पाहुणी," म्हणतात.

आता ह्यांनी ऑटोमॅटिक उतरवली, क्लचचं पेडल परत लावलं. राहिली ती मूळची पेटी. बाई म्हणाल्या, केलरमध्ये, म्हणजे तळघरात आहे, बटाट्यांच्या फळीखाली.

हे केलरमधून वर आले ते हसावं की रडावं अशा तोंडाने.

"एक नाही गं. तीन आहेत."

७ सप्टेंबर, रविवार. पितृपक्ष सुरू

खाली कॉफीला बोलावलं. प्लमचा केक, अंडं न घालता, माझ्यासाठी. बाईंचा पुतण्या मार्कुस आला होता, एश्बॉर्नला ऑफिसात असतो. माणूस वाईट नाही, पण बाईंशी बोलताना आवाज उगाच मोठा करतो. बाईंना ऐकू उत्तम येतं.

म्हणाला, काकू, पंचाहत्तरीला हा क्लच कोण दाबणार? गाडीला गिऱ्हाईक आहे, चांगल्या घरी जाईल. (मुलगी बघायला आल्यासारखं बोलत होता.)

बाईंनी केकची सुरी खाली ठेवली. आल्झो, म्हणजे तर मग, म्हणाल्या, ऐक. ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी किर्टा. म्हणजे इकडची देवळाची, त्यांच्या चर्चची जत्रा. त्या दिवशी मी गाडी स्वतः चालवत आलोइसच्या गावी देवळापर्यंत नेणार आणि परत आणणार, माझ्या पेटीवर. जमलं तर गाडीचा विषय काढायचा नाही. नाही जमलं तर सोमवारी त्या माणसाला फोन कर.

हात मिळवले. तो हसत होता, बाई हसत नव्हत्या.

ते गाव डोंगरावर, बारा कि.मी. शेवटचा चढ उभा. आणि गाडीची नंबरप्लेट हंगामी, तिची मुदत ऑक्टोबरअखेर संपते. म्हणजे पुढे ढकलायची सोयच नाही.

घरी येताना हे म्हणाले, "सहा आठवडे. तीन पेट्या. एक मी."

मी म्हटलं, दोन आपण.

१० सप्टेंबर, बुधवार. संकष्टी

उपास. साबुदाणा भिजत घालून केलरमध्ये गेले, हिशेबाची वही बरोबर. ह्यांचं म्हणणं, लिहून ठेवल्याशिवाय तीन पेट्या डोक्यात राहायच्या नाहीत. सासूबाईंनी लावलेली सवय इतक्या वर्षांनी ह्यांच्या कामी आली.

हे बॅटरी धरून शिकवत होते, भोसरीच्या गिअरच्या कारखान्यातले दिवस आल्यासारखे. इथल्या प्लांटमध्ये ह्यांच्या हाताला आता गिअर लागत नाही, स्क्रीन लागतो.

नं. १: बिडाची, महाजड. झाकण वरून उघडतं, डब्यासारखं. या गाडीच्या जातीचीच नाही. बाद.

नं. २ आणि नं. ३: झाकण बाजूला, सात बोल्ट. रिव्हर्सचा दांडा शेपटीकडे. दोन्ही सारख्या. आलोइसनी दोन्हींना चंदेरी रंग फासलेला, त्यावर काळा थर. कारखान्याचा नंबर कुठेतरी ठोकलेला असतो म्हणे, पण त्या रंगाखाली काय दिसणार.

मग मी पुढे आलेल्या दांड्यांवरच्या खाचा मोजल्या. नं. २ ला बारीक, २६. नं. ३ ला जाड, १०. शिवाय दांड्याच्या मुळाशी गोल चरे आहेत, कड्यांसारखे. नं. २ ला एक. नं. ३ ला दोन. मी लिहिलं: एक पाटली, दोन पाटल्या.

भिंतीवर खिळ्याला जुनी क्लचप्लेट टांगलेली. तिच्या भोकालाही दहा खाचा. नं. ३ वर घालून बघितली, बांगडीसारखी चढली. नं. २ वर नाही.

सांगितलं. हे म्हणाले, "ती प्लेट कशाचीही असेल. मागचा जॉइंट बघ." गाडीखालच्या प्रोपेलर शाफ्टचं तोंड आणून नं. २ च्या शेपटीत सरकवलं. लोण्यात सुरी. "झालं. हीच."

मी दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या. माझं कोण ऐकतंय.

१३ सप्टेंबर, शनिवार

सकाळी वाद. पक्ष पंधरवड्यात नवं काम हातात घेत नाहीत. हे म्हणतात, "गाडी ओबरमायर बाईंची. त्यांना कुठला पक्ष?" म्हटलं, हात तुमचेच ना? तर म्हणे हात प्लांटचे, शनिवारी उसने आणलेत.

शेवटी माझ्या बाबांच्या तसबिरीला नमस्कार करून खाली गेलो. बाबांची पिठाची गिरणी होती, यंत्राच्या कामाला ते नाही म्हणाले नसते.

पेटी नं. २ चढवली. जॅकवर फळी, फळीवर पेटी. इंजिनाच्या बाजूला दोन लांब बोल्ट, डोकी कापलेले, त्यावरून पेटी पुढे सरकवायची. माझ्याकडे बॅटरी. "उजवीकडे. उजवीकडे म्हणजे माझ्या उजवीकडे!" आडव्या पडलेल्या माणसाची उजवी मला कशी कळावी.

बोल्टांचं खातं मी ठेवलं. काढला तो जमा, लावला तो खर्च. संध्याकाळी जमा ४३, खर्च ४२. एक वॉशर कमी. हे गाडीखाली तासभर पालथे.

सई (लेक, सोळा वर्षं) वरून ओरडली, "आई, पाइनलिश!" म्हणजे लाज आणली. ती मराठी सगळं ऐकते, उत्तर जर्मनमध्ये. मी पदर खोचून गॅरेजात उकिडवी बसलेले, तेवढ्यात तिच्या मैत्रिणी फाटकाशी.

१४ सप्टें., रवि.

वॉशर ह्यांच्या शर्टाच्या खिशात. धुवायला टाकताना मिळाला. खातं जुळलं.

२० सप्टेंबर, शनिवार

गाडी सुरू झाली. कपाटातल्या कपबश्या वाजल्या. बाईंनी केस सेट करून घेतले होते, लिपस्टिक. शेताकडेच्या सपाट रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या. हे मागे बसले होते. म्हणतात, बाईंचा हात अजून झकास.

बाई उतरल्या, दार लावलं, बॉनेटवर हात ठेवून जरा उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ही माझी नाही."

"गाडी?"

"पेटी."

ह्यांनी समजूत घातली. इतक्या वर्षांनी पाय विसरतो, आठवेल. बाई गेनाऊ, गेनाऊ म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. पटलं नाही की त्या असंच म्हणतात.

मला आपलं वाटतं त्यांचं खरं असेल. गावात तीन गिरण्या होत्या. बाबा अंथरुणावर पडल्या पडल्या आवाजावरून सांगायचे, कुठली चालू झाली, कुणी जात्याच्या दगडाला टाकी लावून घेतली नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. माती बाईंच्या बागेतली, गहू बाजारातले. नऊ दिवस अखंड दिवा, त्यामुळे घराबाहेर पडायचं तर पाळी लावून.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज नको होतं ते झालं.

बाई म्हणाल्या, डोंगराचा चढ करून बघू या. हे शेजारी, मी मागे. गावाखालच्या वळणावर थांबाची पाटी आहे, तिथे थांबावंच लागतं, आणि पुढे एकदम चढ. पहिला टाकला, क्लच सोडला, बंद. परत. बंद. तिसऱ्यांदा गाडी मागे घरंगळली आणि मी मोठ्याने देवीचं नाव घेतलं. मागे ट्रॅक्टर. त्या माणसाने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. नुसती टोपी काढून बसून राहिला. तेच जास्त लागलं.

परत ह्यांनी चालवत आणली.

गॅरेजात बाईंनी रुमालाने स्टिअरिंग पुसलं, सगळं, गोल. किल्ली ह्यांच्या हातात दिली. "मार्कुसचं बरोबर आहे," म्हणाल्या आणि आत गेल्या. संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा लागला नाही. डाळभात घेऊन गेले. दार उघडलं, ताट घेतलं, बसा म्हणाल्या नाहीत. एकोणीस वर्षांत असं पहिल्यांदा.

देवीला म्हटलं, गाडीचं काही नाही. बाईंचं बघ.

२९ सप्टें., सोम.

हे जेवताना: "या पेटीचा पहिला गिअर लांब आहे. शर्यतीच्या गाडीला ठीक, चढावर सुटताना क्लच फार सांभाळावा लागतो. तरुण पायाला जमतं."

मी: मग बाईंना त्यांच्या तरुणपणी काय, शर्यत लावायची होती?

हे घास हातात धरून थांबले. नंतर वहीचं ते खाचांचं पान उघडून बघत होते, मी पाहिलं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

सगळं नीट लिहून ठेवते.

आज हत्यारांची पूजा. पाटावर विळी, कात्री, शिलाई मशीन, मिक्सर, ह्यांचे पाने आणि मोजायची साधनं, सईचा लॅपटॉप (हळदीचा टिळा झाकणावर, आतल्या बाजूला नाही, अशी अट घालून मिळाला). मग केलरमधल्या नं. ३ ची आठवण झाली. हे सकाळी म्हणाले होते, ती राहू दे. पण नं. २ ला गाडीत बसल्या जागी हळदकुंकू लावायचं आणि तिच्या जोडीदारणीला अंधारात ठेवायचं? मला जमेना.

पण ती इतकी कळकट. पूजेला असं कसं मांडायचं? बाईंचा कपडे धुवायचा जस्ताचा टब केलरमध्येच आहे. पेटी ढकलत, फळीवरून घसरवत टबात उतरवली. वर कढत पाणी आणि धुण्याचा सोडा, मूठ सोडून. करपलेल्या कढईला घालतो तसा. आणि आरतीला वर निघून गेले.

खाली आले तर टब फसफसतोय. आलोइसचा चंदेरी रंग पापडासारखा फुगून सुटलेला. आणि आतून पेटी काळी ठिक्कर.

बघितलं आणि कळलं. हे तर जर्मन! आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनच म्हणायचे, आणि आईची सक्त ताकीद, जर्मनला सोडा लावायचा नाही, काळं पडतं. सगळं माहीत असून केलं. एवढं जड धूड जर्मनचं असेल असं डोक्यातच आलं नाही, मला वाटलं नं. १ सारखं बीड. जर्मनीत एकोणीस वर्षं राहून जर्मन काळं केलं.

थंड पाण्याने खळाखळा धुतलं. काळं ते काळंच. आत पाणी गेलं ते निराळंच. हे दोनला घरी येणार. आता ओरडा खायचाच आहे तर पूजा तरी पुरी करू, म्हणून पुसून हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. ओल्या अंगावर कुंकू ओघळलं. फडक्याने टिपायला गेले.

कुंकू पुसलं गेलं, पण सगळं नाही. एका कडेला बारीक खळगे होते, त्यांत राहिलं. काळ्यावर लाल. आकडे.

चष्मा आणला. वही आणली. एकेक आकडा बोट ठेवून लिहिला. मग गॅरेजात गेले. गाडीच्या पुढच्या काचेखाली नंबरची पट्टी असते, हे मागे एकदा दाखवलेलं. तिथला नंबर त्याच्याखाली लिहिला, आकड्याखाली आकडा. शेवटचे सहाच्या सहा आकडे एक.

दोनला हे आले. आधी टब दिसला. "अगं ॲल्युमिनियमला सोडा!" डोक्याला हात लावून पायरीवरच बसले. मी वही समोर धरली. एकदा वाचलं. उठून पेटीवर वाचलं. गॅरेजात जाऊन आले. मग टबाच्या काठावर बसले आणि हसायलाच लागले, खांदे हलेपर्यंत.

"मागचा जॉइंट त्या ऑटोमॅटिकबरोबर आलेला होता," म्हणाले. "म्हणून तो नं. २ ला बसला. मी मूळची पेटी शोधत होतो आणि माप नंतर आलेल्या जॉइंटचं घेत होतो. दहा खाचांची प्लेट तू पहिल्याच दिवशी सांगितली होतीस."

"वहीत आहे," मी म्हटलं.

"दोन पाटल्या म्हणजे पहिला गिअर आखूड. चढाला हाच लागतो. जा, बाईंना सांग."

"तुम्ही सांगा. चुकलात तुम्ही."

गेले. बाई सपातांवर खाली आल्या. लाल काय आहे विचारलं. सांगितलं, पूजेचं आहे, रक्त नाही. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं, मग तेच बोट एप्रनला पुसलं. डाग पडला, त्यांनी बघितलाही नाही.

"आलोइसला चष्मा लावून नंबर वाचावे लागायचे," म्हणाल्या. "मला पायाला कळतं."

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

इथे आपटा नाही. कोपऱ्यावरच्या जिंकोची पानं आणते दर वर्षी. आपट्यासारखंच दुभंगलेलं पान, आणि या दिवसांत कडेने पिवळं व्हायला लागलेलं. बाईंना सोनं दिलं, पाया पडले. त्यांनी पान चष्म्याच्या डबीत ठेवलं.

बाईंनी विचारलं, अजून वेळ आहे का. हे म्हणाले, सतरा दिवस. बाई म्हणाल्या, मी तुमच्या हातांचा विचारतेय. हे म्हणाले, हात मोकळे आहेत.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. इकडची सुट्टी

पेटी नं. ३ उघडली. सात बोल्ट जमा. आत पाणी होतंच, पण गिअर स्वच्छ, दात शाबूत. ह्यांचा चेहरा बघावा. एकेक चाक उचलून उजेडाला धरत होते.

आत पितळेच्या कड्या आहेत. मी नुसतं बघितलं तर लगेच, "चिंच लावायची नाही हं." तीनदा बजावलं.

सगळं पुसून, वाळवून, तेलात. जुन्या चादरीवर ओळीने मांडलं, मी चित्र काढलं वहीत, बाणांसकट.

४ ऑक्टो., शनि.

नं. २ उतरवली. सई आज आपणहून खाली आली, बॅटरी धरली. तिला ह्यांची उजवी बाजू पहिल्या फटक्यात कळते.

८ ऑक्टोबर, बुधवार

अडलं. दहा खाचांची नवी क्लचप्लेट मागवली होती, ती बावीस तारखेला येणार. किर्टा एकोणीसला. हे इकडून तिकडे फोन.

मी म्हटलं, खिळ्यावरची आहे ना.

"जुनी आहे ती."

"जुनी म्हणजे खराब का? माझी विळी कधीची आहे? मोजा तरी."

मोजली. चार ठिकाणी. अजून पुष्कळ जाडी आहे म्हणाले. आलोइसनी टाकली नाही, टांगून ठेवली, ती काय शोभेला? त्याच खिळ्याला प्रोपेलर शाफ्टचं जुनं तोंडही निघालं. तेही नं. ३ ला चपखल. न बघितलेल्या माणसाबद्दल आदर वाटला. काही टाकायचा नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

चढली! काळी, कुंकवाच्या आकड्यांसकट. हे पुसायला निघाले होते, मी पुसू दिलं नाही.

गिअरच्या दांड्या जुळवताना तिन्हींच्या भोकांतून आरपार एक सळी घालून न्यूट्रल पकडावा लागतो. ह्यांच्याकडची सळी जाड. बाई आत गेल्या आणि विणायची सुई घेऊन आल्या. अर्धवट विणलेला मोजा तिच्यावरून उतरवून. सुई गेली. "आता मोजा उसवणार," मी म्हटलं. "त्याला काही दुखायला गुडघा नाही, थांबेल तो," बाई.

जमा ४३. खर्च ४३. दोनदा मोजलं. मग ह्यांचे सगळे खिसे तपासले. ह्यांनी हात वर करून तपासू दिले.

१४ ऑक्टो., मंगळ.

बाई रोज अंगणात पुढे-मागे करतात. चढावर मात्र जायला तयार नाहीत. "किर्टालाच." ह्यांना धास्ती. मला नाही. म्हणजे आहे, पण पेटीची नाही, बाईंची.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

चकल्या झाल्या, एक घाणा मोडला. खाली बाईंचं किर्टाचं तळण. कणीक गुडघ्यावरच्या फडक्यावर ओढून ओढून मधे इतकी पातळ करतात की पलीकडचं दिसावं, कडा फुगीर. इकडे ते डुकराच्या चरबीत तळतात, म्हणून मी कधी खाल्लं नाही. आज हाक मारून कढई दाखवली. लोणकढं तूप. "तुमच्यासाठी वेगळा घाणा." माझ्या डोळ्यांत पाणी, त्या म्हणाल्या धूर झालाय, खिडकी उघडा.

दिवे लावले. एक गॅरेजच्या उंबऱ्याशी.

१९ ऑक्टोबर, रविवार. किर्टा

सकाळी ऊन. बाई हिरव्या कोटात. मला पुढे बसवलं, हे आणि सई मागे. मार्कुस त्याच्या बिनआवाजाच्या गाडीतून पाठीमागे, साक्षीदार म्हणून. मी नारळ आणला होता. चाकासमोर फोडू का विचारलं तर बाई म्हणाल्या, फोडा, पण काचा उचला. त्यांना वाटलं बाटली.

सपाटीला चारही गिअर टाकले. आवाज खरंच वेगळा, मला कळला. नं. २ ओढल्यासारखी जायची, ही बोलत जाते.

मग ती थांबाची पाटी. वर चढ. बाई थांबल्या. पुढे मागे कुणी नाही, फक्त मार्कुस. तरी पूर्ण थांबल्या. मागे ह्यांचा श्वास ऐकू येईना. मी देवीचं नाव मनातल्या मनात, कारण मागच्या वेळी मोठ्याने घेतलं होतं.

पहिला टाकला. क्लच हळू वर. गाडी जराशी मागे बसली, म्हैस उठायच्या आधी बसते तशी, आणि उठली. गेली! बाईंनी दुसरा टाकताना दांडा मधे आणून एक क्षण थांबवला, नुसता एक श्वास, आणि मग खाली ओढला. इतकं सहज. त्या श्वासाची जागा पेटीत अजून तशीच होती. मला बाबा आठवले, गिरणीच्या जात्यावर हात ठेवून उभे राहायचे ते.

वर घंटा वाजत होत्या. देवळासमोर सगळं गाव. तो ट्रॅक्टरवाला तिथेच. त्याने टोपी काढली, या वेळी हसत. बाईंनी दोन गाड्यांच्या मधे गाडी उलटी लावली, आरशात बघून, एका दमात. सई मागून ओरडली, "हम्मर!" म्हणजे भन्नाट. आमच्यासाठी हा शब्द तिने कधी वापरलेला नाही.

मार्कुस उतरला. गाडीभोवती एक फेरी. मग हात पुढे केला. "हो, हो. ठीक आहे, काकू. ह्या वर्षी विषय बंद." आवाज साधा होता, मोठा केलेला नव्हता. चकल्या सात खाल्ल्या.

बाकावर बसून तुपातलं तळण खाताना बाई म्हणाल्या, एकोणीस वर्षं आपण फ्राऊ ओबरमायर, फ्राऊ साळुंके करतोय. आजपासून डू, म्हणजे अगंतुगं. मी वाल्बुर्गा. इकडे हा मोठा मान. थोराने द्यायचा असतो. मी हो म्हटलं. पण पंचाहत्तरीच्या बाईला नावाने हाक? मी सोयीने वाल्बुर्गाताई म्हणाले. त्यांना वाटलं तेच पूर्ण नाव मी म्हणतेय. चालेल.

परतताना उतारावर दुसऱ्यात. हे मागे झोपले, तोंड उघडं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

वहीपूजनाला हिशेबाची वही, बोल्टांच्या पानावर उघडून. ताईंनी गाडीची किल्ली आणून शेजारी ठेवली, सांगितलं नव्हतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

ताई जिना चढून वर आल्या नाहीत, मला खाली बोलावलं. पाय स्टुलावर. डावा गुडघा, किर्टापासून. सुजलाय. "मार्कुसला बोलायचं नाही. तुझ्या नवऱ्यालाही नाही."

तिळाचं तेल कोमट करून चोळलं. मग म्हणाल्या, "ह्या वर्षी विषय बंद, असं म्हणाला तो. ह्या वर्षी. एप्रिलमध्ये नंबरप्लेट परत सुरू. तेव्हा डावा पाय लागेल, कुणाचा तरी."

आणि माझ्या पायांकडे बघत राहिल्या. मी पाय साडीखाली घेतले.

म्हटलं, ताई, मला सायकलसुद्धा येत नाही.

"सायकलला क्लच कुठे असतो," म्हणाल्या.

२८ ऑक्टो., मंगळ.

सईला सहज विचारलं, इथे लायसन्सच्या लेखी परीक्षेचं पुस्तक कुठे मिळतं. "आई, इम एर्न्स्ट?" खरंच की काय! मग स्वतःच फोनवर शोधायला लागली. दहावीनंतर मी परीक्षा दिलेली नाही. ह्यांना अजून काही माहीत नाही. की माहीत आहे? आज गिअरच्या मुठीवर ह्यांनी खडूने आकडे काढून ठेवलेत, एक ते चार. ताईंना ते कशाला लागतील.

१ नोव्हेंबर, शनिवार

काल नंबरप्लेटची मुदत संपली. सकाळी ताई आलोइसच्या थडग्यावर दिवा लावून आल्या, मी फुलं दिली होती. दुपारी गाडीवर कापड घातलं, फक्त ड्रायव्हरचं दार मोकळं ठेवलं.

ताई स्टूल ओढून दाराशी बसल्या, गुडघ्यावर ब्लँकेट. मला आत बसवलं. इंजिन बंद, किल्ली त्यांच्याच खिशात. चपला बाहेर काढल्या मी, देवळात काढतो तशा. ताई म्हणाल्या, बूट हवेत, पण आज राहू दे.

क्लच दोन्ही पायांनी दाबला. एकाने दाब म्हणाल्या. दाबला. पहिला, डावीकडे वर. दुसरा, सरळ खाली. मधे श्वास. "श्वास घेतला नाहीस." परत. तिसरा, उजवीकडे वर. चौथा खाली. पन्नास वेळा केलं असेल, वहीत रेघा मारून मोजलं नाही, पहिल्यांदाच.

चारही सापडतात आता, डोळे मिटून. रिव्हर्स अजून सापडत नाही.